गदेवरचा तिसरा हात

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी थालीपिठाचा दुसरा घास घेत होते, तेवढ्यात अनुजाच्या हातातला चहाचा ट्रे खाली पडला. कप फुटले, चहा माझ्या साडीच्या काठापर्यंत आला, आणि ती मात्र समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत उभी राहिली. कपाट रिकामं होतं. आदल्या रात्री जेवताना मी त्यात सव्वातीन फुटांची चांदीची गदा पाहिली होती.

मी इंगवले. विमा कंपन्यांसाठी आगीचे, पुराचे आणि चोरीचे दावे तपासण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात आणि स्वभाव मुळातच कुरकुरा आहे. साठीनिमित्त भाच्यानं मला कोल्हापुरात चार दिवसांचं हॉटेल भेट दिलं. साधं हॉटेल नाही, बुटिक हॉटेल. म्हणजे खोल्या सात आणि प्रत्येक पलंगावर उशा नऊ. झोपताना त्या ठेवायच्या कुठे, हे भाच्यानं सांगितलं नव्हतं.

बंगला मात्र झकास होता. संस्थानच्या काळात एका इंग्रज इंजिनिअरसाठी बांधलेला. उंच छत, लाल-काळ्या फरशा, पुढे कमानींचा व्हरांडा. पुढे तो गणपतराव पैलवानांनी विकत घेतला आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेनं, अनुजानं, त्याचं हॉटेल केलं. तिचा नवरा बोटीवर असतो, त्यामुळे सगळा डोलारा तिच्या एकटीच्या डोक्यावर. गदा ही हॉटेलची खूण. पाटीवर गदा, नॅपकिनवर गदा, साबणाच्या वडीवरसुद्धा गदा. कपाटाखाली पितळी पट्टी होती: 'विजेते, पै. गणपतराव, १९६८.' शेजारच्या खांबावर एक जुना फोटो, खांबावर मावावा म्हणून दोन्ही बाजूंनी अरुंद कापलेला. तरणेबांड गणपतराव, डोक्याला फेटा, गळ्यात हार, पुढ्यात गदा. बुधवारी रात्री रस्सा गार होईपर्यंत मी त्या फोटोकडे बघत बसले होते, कारण त्यात काहीतरी खटकत होतं. शेवटी मोजलं तेव्हा कळलं. गदेच्या दांड्यावर तीन हात होते.

अनुजा भानावर आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "आबांना कळता कामा नये."

आबा म्हणजे गणपतराव. वय ऐंशी, पावसाळ्यात बायपास झालेली. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते मागच्या खोलीत राहायचे आणि जेवायला याच हॉलमध्ये यायचे. अनुजानं एक धुतलेली चादर आणली, आम्ही दोघींनी ती कपाटावर टाकली. आबांनी विचारलं तर गदा उजळायला दिली म्हणून सांगायचं ठरलं.

दुपारी पानात रस्स्याऐवजी कढी आली. कोल्हापुरात येऊन कढी खायची म्हणजे अन्यायच, मी तोंड वाकडं केलं. आबा आले. त्यांनी चादरीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. ती हसली, जरा जास्तच गोड हसली, आणि त्यांच्या वाटीत आणखी कढी वाढली. तेही हसले. गदेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

तीन वाजता अनुजाचा दीर विजयसिंह आला. आबा वामकुक्षीला गेलेत याची खात्री करून त्यानं हॉलचं दार लावलं.

"ह्या हॉलच्या किल्ल्या दोघींकडंच," तो म्हणाला. "एक वहिनीकडं आन एक रोशनबीकडं. मग आता डोकं कशाला खाजवायचं?"

२

विजयसिंहची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. भट्टीच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे तो कुजबुजला तरी व्हरांड्यात ऐकू जातं. त्याला तिथल्या तिथं पोलिसांना बोलवायचं होतं. अनुजानं हात जोडले, मी माझ्या बत्तीस वर्षांचा हवाला दिला, तेव्हा कुठे त्यानं मुदत दिली. शुक्रवार, संध्याकाळी पाच.

रोशनबी हॉटेलच्या पहिल्या दिवसापासून खोल्यांची व्यवस्था बघते. पन्नाशीची, अंगानं बारीक. तिला बोलावलं तेव्हा तिनं आल्या आल्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"सहाला हॉल उघडला," ती म्हणाली. "केर काढला, फरशी पुसली, गदेवरनं फडकं फिरवलं. व्हती की तवा. ती मी दुसऱ्या कुणाला पुसू देत न्हाय."

"का?"

तिनं टेबलावरच्या किल्ल्या सरळ केल्या. "मग वरच्या खोल्या. सात खोल्या, त्रेसष्ट उशा. साडेसातला खाली येऊन आबांची ताकाची बादली रिक्षात ठिवली आन परत वर. कपाटाकडं बघितलंच न्हाय."

उशांच्या बाबतीत आमचं दोघींचं मत एक होतं, हे मला तिथंच समजलं. तिला मी बसायला सांगितलं. ती बसली आणि मग तिचा आवाज बसला.

"रविवारी माझ्या मेहकची मंगनी हाय, बाई. मिरजेचं पावणं येनार. पोलीस दारात आलं तर ते मिरजेतनंच मागं फिरतील. माझी नोकरी गेली तर दुसरी मिळंल. पोरीचं मोडल्यालं कुठं जुळवू?"

मला तिचं खरं वाटलं. पण माझ्या धंद्यात वाटण्याला काही किंमत नसते, म्हणून मी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. हॉटेलला कॅमेरा एकच, व्हरांड्यावर. त्यात पायऱ्या आणि फाटक दिसतं. मागच्या दाराशी पहाटेपासून स्वयंपाकीण चिमणाबाई बसलेली असते, तिला चुकवून मांजरसुद्धा जात नाही. खिडक्यांना इंग्रजाच्या काळचे गज आहेत. म्हणजे गदा गेली ती पुढूनच.

सात वाजून बत्तीस मिनिटांनी पडद्यावर रोशनबी आली. दोन्ही हातांत झाकणाची मोठी पांढरी बादली, रंगाची असते तसली. तिच्यामागून आबा, एका हातात काठी, खांद्यावर पंचा. बादली रिक्षात गेली, आबा शेजारी बसले, रिक्षा निघाली.

हे दर गुरुवारचं होतं. पेठेतल्या तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, तांबडी माती असते. ती मऊ राहावी म्हणून तिला ताक, लिंबू, हळद, तेल पाजतात. हॉटेलात आठवड्याचं लोणी निघालं की उरलेलं ताक आबा स्वतः तालमीत नेतात.

विजयसिंहनं पडद्यावरच्या बादलीवर बोट ठेवलं. "ताक वर आन गदा खाली. दांडा फिरकीचा हाय, गोळा सुटा व्हतोय. आबांना बिचाऱ्यांना पत्त्याच न्हाय आपण काय घिऊन चाललोय. आन तालमीत ही बादली कोण रिकामी करतंय म्हाईत हाय? गौस वस्ताद. रोशनबीचा बाप."

३

सरळ गौस वस्तादांकडे जाऊन विचारावं, असं मी म्हटलं. दोघांनीही माना हलवल्या. गौस आणि आबा रोज भेटतात; गौसच्या कानावर गेलं की तासाभरात आबांच्या कानावर. म्हणजे ज्यांना विचारायचं त्यांनाच विचारता येत नव्हतं. असली अडाणी अट मला कुठल्या कंपनीनंही घातली नव्हती.

"दांडा कुठे गेला?" मी विचारलं.

"कुठला दांडा?"

"गदेचा. गोळा बादलीत बसला असं धरू. दांडा अडीच फूट लांब आहे आणि बादली दीड फूट उंच. दांडा काय रोशनबीनं पदरात लपवला?"

विजयसिंहनं पडद्यावरची बादली पुन्हा डोळ्यांनी मोजली. पण मुदत काही वाढली नाही.

संध्याकाळी मी राजवीरला गाठलं. हा पुण्याचा पाहुणा, श्रीमंतांची घरं सजवून देतो. ही गदा विकता का, असं त्यानं अनुजाला दोनदा विचारलं होतं. गुरुवारी आठ वाजता तो छोटी पिशवी घेऊन जोतिबाला गेल्याचं कॅमेऱ्यात दिसत होतं, आणि त्याच्या पांढऱ्या बुटांच्या शिवणीत गुलाल इतका बसला होता की ते बूट आता आयुष्यभर जोतिबाचेच राहणार होते.

"मला आता ती नकोच आहे," तो म्हणाला. "मंगळवारी जवळून पाहिली. आत लाकूड आहे, वर चांदीचा पत्रा. दिसते तेवढी जड नाही ती."

माणूस आगाऊ होता, पण त्या पिशवीत नारळसुद्धा धड मावला नसता. मी त्याला सोडून दिलं.

मग व्हरांड्यात विजयसिंहलाच विचारलं, एवढी घाई कशाची. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो कठड्यावर बसला आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"लहानपणी ही गदा एक वर्स घरात असायची आन एक वर्स नसायची. आबांना विचारलं की म्हणायचे, उजळायला दिलीया. वर्सभर उजळायला? मी रडून गोंधळ घालायचो. एकदा वाटलं, आता ती परत येतच न्हाय. मोठेपणी विचारायचं सोडलं, पर ते भ्या अजून गेलं न्हाय बघा, बाई."

धिप्पाड माणूस, भट्ट्यांचा मालक, आणि डोळ्यांत पाणी. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी कानात काहीतरी वाजलं. उजळायला दिलीया. हे वाक्य मी त्याच दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते.

४

आग लागलेल्या गोदामात गेलं की नवखा सर्व्हेअर काय जळलं ते मोजतो. मी आधी काय उरलं ते मोजायची. जळलेल्या मालाबद्दल लोक हवं ते सांगतात, उरलेला माल समोर असतो. शुक्रवारी सकाळी मी तसाच विचार सुरू केला. या घरात असं काय उरलं होतं, जे उरायला नको होतं?

आणि मला कढी आठवली.

चिमणाबाई कांदा चिरत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले, गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

"काल कढी का केलीत?"

"ताक उरलं म्हणून," ती म्हणाली. "आवडली न्हाय व्हय?"

"दर गुरुवारी उरतं?"

"छ्या. कधीच न्हाय. सगळं त्या बादलीत बसतं, थेंब मागं ऱ्हात न्हाय. काल बादली काठोकाठ भरली तरी पाच-सा लिटर उरलं. आबा म्हणालं, कढी कर."

"बादली भरतं कोण?"

"आबाच की. लिंबू किती, हळद किती, त्येंच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाईत. मला तर म्हणत्यात, तू जेवणाची बाई, मातीचं तुला काय कळतंय."

ताक तेवढंच, बादली तीच, तरी पाच-सहा लिटर बाहेर राहिलं. म्हणजे बादलीत तेवढ्या जागेचं दुसरं काहीतरी होतं. साधारण कलिंगडाएवढं. आणि कढीची पहिली वाटी मी स्वतः खाल्ली होती, तोंड वाकडं करून.

वर जाऊन मी रोशनबीला विचारलं, काल बादली कशी लागली, जड की नेहमीसारखी. ती खोटं बोलणार असेल तर 'नेहमीसारखी' म्हणेल, असा माझा हिशेब होता.

"हलकी," ती म्हणाली. "मी म्हटलं बी आबांना, आज ताक कमी हाय व्हय? झाकणाला सुतळी बांधल्याली. म्हणालं, रिक्षात सांडतंय."

लाकडाचा गोळा ताकापेक्षा हलका. सुतळी बांधली नसती तर तो झाकण उचलून वर आला असता. रोशनबी खरं बोलत होती, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नाही.

पण या खरेपणाचा तिला काडीचा उपयोग नव्हता. विजयसिंहचं म्हणणं बरोबर निघालं होतं. गदा बादलीतून गेली होती आणि बादली तिनं उचलली होती. घड्याळात साडेअकरा झाले होते.

५

दांडा. सगळं त्या दांड्याशी येऊन थांबत होतं.

मी अनुजाच्या टेबलाशी बसून ते चित्रण पुन्हा लावलं. काल आम्ही सगळ्यांनी त्यात फक्त रोशनबीला पाहिलं होतं, कारण संशय तिच्यावर होता. आज मी ठरवून तिच्याकडे बघितलं नाही. बाकी काय दिसतंय ते बघितलं. व्हरांड्याची भिंत. भिंतीला खुंट्या. पहिल्या खुंटीवर छत्री. दुसऱ्या खुंटीवर काठी, खाली पिवळं रबरी बूच असलेली.

आबांची काठी. ती रोज तिथंच लटकते, मी येता-जाता बघत होते.

आणि त्याच चित्रात, त्याच क्षणी, आबा पायऱ्या उतरत होते. त्यांच्या हातातही काठी होती. तिच्या वरच्या टोकाला पंचा गुंडाळलेला, त्याचं टोक खांद्यावर टाकलेलं. नऊ वाजता ते परत आले तेव्हा रिक्षावाल्याचा हात धरून आले. हात मोकळे होते. पंचा खांद्यावर होता, काठी नव्हती.

मी तिथंच मागे टेकून बसले. चोरी झालीच नव्हती. मालकानं स्वतःची गदा स्वतःच्या घरातून, भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर नेली होती. कालपासून घरात ज्या एकाच माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याच्याकडेच सगळी उत्तरं होती. आपल्या घरांत हे असंच चालतं. म्हाताऱ्या माणसाला धक्का नको म्हणून सगळे गप्प बसतात आणि नसलेला धक्का तयार करतात. माझ्या आईच्या आजारपणात आम्हीही तेच केलं होतं, त्याचा मला अजून राग येतो.

पण का? तीन हातांचा फोटो, एक वर्ष असणारी आणि एक वर्ष नसणारी गदा. माझ्या मनात उत्तर तयार होतं, ते फक्त एका माणसाकडून ऐकायचं होतं. त्याच्याशी गदेबद्दल एक अक्षर बोलणार नाही, असा शब्द मी अनुजाला दिला होता. बायपास झालेल्या माणसाशी बोलायचं आणि काही बरं-वाईट झालं तर?

चार वाजता मी आबांच्या खोलीचं दार वाजवलं.

६

ते खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. मी गदेचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, "आबा, त्या फोटोत दांड्यावर तिसरा हात कुणाचा?"

त्यांचे हात थांबले. मग ते असे हसले की त्यांचे गाल हलले.

"तीन वर्सं झाली फोटो तिथं हाय. यिल त्यो पावणा बघतोय, पर हात मोजणाऱ्या तुमी पयल्याच. गौसचा हाय त्यो. आनि कुणाचा? सव्वा तास आमची कुस्ती चालली. ना त्यो चीत व्हतोय, ना मी. पंचांनी बरोबरीत सोडवली. गदा एकच. पंच म्हणलं चिठ्ठी टाकू. गौस म्हणला, चिठ्ठी कशाला? वर्सभर ह्येच्याकडं, वर्सभर माझ्याकडं. दिवाळी ते दिवाळी. पन्नास वर्सं तसंच चाललं. घरात मातुर सगळ्यांनी धरलं मी जिंकलो, आन मी बी कधी दुरुस्त केलं न्हाय. पैलवानाची लाज हो, दुसरं काय."

"मग थांबलं कसं?"

"पूर आला की. गौसच्या घरात छातीएवढं पाणी. त्यानं पयली गदा आणून माझ्या हातात दिली, मग पोरंबाळं आन भांडी हलवली. घर आवरलं की नेतो म्हणला. घर आवरंस्तवर हितं हाटेल झालं, गदा कपाटात गेली, खाली पट्टी आली. गौस एकदा आलता. पट्टी वाचली, च्या पिला आन गेला. एका शब्दानं बोलला न्हाय. मला तीन वर्सं झोप न्हाय, बाई. सून दिसभर राबती, गदेवर तिचं हाटेल उभं हाय. तिला कुठल्या तोंडानं म्हणू, ह्यातली निम्मी आपली न्हाय?"

"म्हणून गुरुवारी बादलीतून नेलीत."

"रविवारी त्याच्या नातीची मंगनी. मिरजेच्या पावण्यांम्होरं गदा त्याच्या हातात पायजे. त्याच दिशी समद्यांना सांगणार व्हतो. अनुजाला तर कळलंच की. दुपारी जेवाय गेलतो, तर तिनं कपाट झाकल्यालं आन माझ्याकडं बघून हसली. म्हटलं, पोरगी शाणी हाय, न बोलता समजून घेतलं."

ती चादर, ते हसू आणि ती कढी. एका घरात दोघांनी एकमेकांना सांभाळायला एकाच वेळी गप्प बसायचं ठरवलं होतं. मला हसू आलं, आणि ते लगेच आटलं, कारण आता मला पुढचं सांगायचं होतं.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि सांगितलं. गदा चोरीला गेली असं सगळे समजतायत. पाच वाजता पोलिसांना फोन जाणार आहे. संशय रोशनबीवर आहे.

नाडी जोरात होती, पण सरळ चालली होती.

"नाडी कसली बघताय?" ते उठत म्हणाले. "माझं काळीज नीट हाय. बाहीरच्यांचं तपासा."

हॉलमध्ये विजयसिंह फोन हातात घेऊन उभा होता, अनुजा खुर्चीत, रोशनबी भिंतीशी. आबा थेट कपाटाशी गेले आणि चादर ओढून खाली टाकली. अनुजा धावली. त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"बादलीत गदा मी घातली. सुतळी मी बांधली. दांडा टेकत तालमीत मी गेलतो. गदा गौसकडं हाय, आन ती त्याची बी हाय." मग त्यांनी मघाची सगळी हकीकत पुन्हा सांगितली, यावेळी उभ्यानं आणि मान खाली घालून.

विजयसिंहनं फोन खिशात टाकला.

"तुला हे ठाऊक होतं?" मी रोशनबीला विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली. "एक वर्साआड आमच्याच घरात असायची. अब्बा रोज पुसायचा, म्हणून मी बी पुसत व्हते. पर सांगितलं आस्तं तर सगळ्यांनी हेच म्हटलं आस्तं, म्हणूनच चोरली." तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच कळत नसावं. "म्हंजी माझ्या बापाची गदा मीच उचलून रिक्षात ठिवली, आन दोन दिस मीच चोर."

टेबलावर किल्ल्यांचा जुडगा कालपासून तसाच पडला होता. विजयसिंहनं तो उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "मावशी, चुकलो."

"नुसतं चुकलो म्हणून भागणार न्हाय," रोशनबी किल्ल्या कमरेला खोवत म्हणाली. "रविवारी सकाळी सातला मंडप बांधाय या. गडी कमी हायत."

अनुजा सासऱ्यांच्या पायाशी बसली होती. "आबा, एकदा बोलायचं तरी होतं मला."

"तू तरी बोललीस व्हय?" आबा म्हणाले, आणि सगळ्यात आधी तेच हसले.

७

मी मुक्काम एक दिवस वाढवला. उशा सोसवत होत्या असं नाही, पण मेहकच्या मंगनीला बोलावणं होतं आणि कढीनंतर माझा रस्स्याचा हिशेब बाकी होता.

मंडप विजयसिंहनंच बांधला, सातला नाही, साडेसहालाच येऊन. अनुजानं शनिवारी पितळी पट्टी उतरवली होती. कपाटात आता वर्षाआड गदा आणि वर्षाआड तिचा रिकामा स्टँड राहणार, आणि त्यामागची गोष्ट खाली लिहिणार, असं ती मला सांगत होती. रिकामं कपाट बघायला पाहुणे जास्त येतील, असं माझं मत आहे.

मिरजेचे पाहुणे आले. गौस वस्ताद दारात उभे होते, उंचेपुरे, पांढरी दाढी, कान पैलवानी, मोडलेले. त्यांच्या हातात गदा होती. ताकात बुडाल्यामुळे ती अशी लखलखत होती की खरोखर उजळायला दिली होती असंच कुणालाही वाटलं असतं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, ही कुणाची? गौसनी आबांकडे बोट दाखवलं आणि आबांनी गौसकडे. रोशनबीनं सरबताचे पेले पुढे केले आणि त्यांना वाचवलं. मेहक डोक्यावर ओढणी सावरत त्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. मुलीचं जुळलं होतं आणि कुणाचंही काही हरवलं नव्हतं.

फोटोग्राफर तरुण होता आणि घाईत होता. त्यानं आबांना हातानं खूण केली, "काका, तुम्ही जरा बाजूला सरकता का? घरच्यांचा फोटो आहे."

"कुणीही सरकणार नाही," मी मागून म्हणाले. "आणि हे बघ, फोटो कापायचा नाही. सगळे हात आले पाहिजेत."

त्यानं माझ्याकडे वैतागून पाहिलं, दोन पावलं मागे गेला आणि फोटो काढला. मी कॅमेऱ्याचा पडदा बघायला मागितला आणि चष्मा लावून दांड्यावरचे हात मोजले. चार होते.